लिनक्ससाठी नेटवर्क कार्ड घेताना खोक्यावरच्या ‘लिनक्स सपोर्टेड’वर विसंबावं का?

जुन्या पीसीवर लिनक्स टाकून त्याचा राउटर करायचाय, आणि ‘लिनक्स सपोर्टेड’ म्हणजे ओपन सोर्स ड्रायव्हर (कार्ड चालवणारा, सोर्स कोड खुला असलेला प्रोग्राम) असेलच ना, असं तुम्ही विचारलंय. असेलच असं नाही. पुष्कळदा त्याचा अर्थ एवढाच असतो की कंपनीच्या साइटवर एक झिप फाइल पडलेली आहे आणि ती कुठल्यातरी जुन्या कर्नलवर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यावर, कंपाइल होते.

मी यात पोळलोय. यूएसबी वाय-फाय डोंगल, ड्रायव्हर झिपमधला. काही महिने सुरळीत चाललं. मग एका रात्री कर्नल अपडेट करून रीबूट केलं, तर वाय-फाय गायब. डीकेएमएस, म्हणजे कर्नल बदलला की बाहेरचे ड्रायव्हर आपोआप पुन्हा बांधणारं साधन, नव्या कर्नलसाठी ड्रायव्हरचं मॉड्यूल बांधता बांधता एरर देऊन थांबलं होतं. कर्नलमधल्या एका फंक्शनचे आर्ग्युमेंट्स बदलले होते. दुरुस्त ड्रायव्हर नेटवर, आणि नेट त्या ड्रायव्हरवर! शेवटी फोन यूएसबीने जोडून टेदरिंग केलं. ते मात्र झटक्यात चाललं, कारण त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो.

तेव्हापासून मी एवढंच बघतो: ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये आहे का? कर्नलमधलं फंक्शन जो बदलतो, त्यालाच ते वापरणारे आतले सगळे ड्रायव्हर सुधारावे लागतात. बाहेरच्या ड्रायव्हरला वाली नसतो.

आणि मॉडेलचं नाव नाही, आतली चिप बघा. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एनच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची चिप होती, दुसरीपासून रिअलटेकची. नाव तेच, ड्रायव्हर वेगळा.

वायरच्या कार्डांची फारशी चिंता नको. इंटेलचं आय२१० किंवा आय३५० घ्या, डोळे झाकून. रिअलटेकला लोक उगाच नावं ठेवतात, २.५ गिगाबिटची आरटीएल८१२५ही कर्नल ५.४ पासून आर८१६९ ड्रायव्हरमध्ये आहे. उलट इंटेलच्या आय२२५च्या सुरुवातीच्या चिपमध्ये हार्डवेअरचाच दोष निघाला होता, तिथे चांगला ड्रायव्हर तरी काय करणार? १० गिगाबिटसाठी जुनं एक्स५२० घेतलंत, तर ते अनोळखी एसएफपी+ मॉड्यूल (केबल जोडण्यासाठी कार्डात खोचायचा तुकडा) नाकारतं. ड्रायव्हरला एक पॅरामीटर दिला की ऐकतं.

खरी गोची वाय-फायची. ड्रायव्हर खुला असला तरी फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आत चालणारा प्रोग्राम, बहुधा बंद बायनरीच असतं. अथेरॉसच्या एटीएच९के ड्रायव्हरवर चालणाऱ्या पीसीआय कार्डांना वेगळं फर्मवेअर लागतच नाही, पण ती वाय-फाय ४ वरच थांबली. तुम्हाला अ‍ॅक्सेस पॉइंट करायचाय, म्हणजे राउटरनेच इतरांना वाय-फाय द्यायचंय, तर एमटी७६ ड्रायव्हरवर चालणारी मीडियाटेकची चिप शोधा. इंटेलचं एएक्स२१० लॅपटॉपला उत्तम, पण ५ गिगाहर्ट्‌झवर हॉटस्पॉट करायला गेलात तर अडवतं. त्याच्याच शेजारी एएक्स२११ दिसेल, ते चुकूनही उचलू नका: अर्धं काम इंटेलच्या ठरावीक चिपसेटवर टाकणारं कार्ड आहे ते, जुन्या पीसीत नुसतं शोभेला राहील.

हातातलं कार्ड तपासायचं तर लाइव्ह यूएसबीवरून (इन्स्टॉल न करता लिनक्स चालवणारा पेनड्राइव्ह) बूट करून ‘एलएसपीसीआय -एनएनके’ (lspci -nnk) चालवा, त्या कार्डाच्या नोंदीच्या शेवटी ड्रायव्हरचं नाव येतं. ते नाव ‘मॉडइन्फो’ (modinfo) कमांडला द्या. ‘इनट्री’समोर (intree) ‘वाय’ (Y) दिसलं, की ड्रायव्हर कर्नलमधला.