गुडघे टेकलेले यंत्र

वाचकांचे प्रश्न : व्हिडिओ गेम

प्रश्न : स. न. वि. वि. 'हॉकन' या मेका-युद्धाच्या, म्हणजे आत माणूस बसून चालवतो अशा राक्षसी यंत्रांच्या लढाईच्या, गेमविषयी विचारायचे आहे. एका लहानशा स्वतंत्र संघाने बनवलेला हा गेम मी 2013 मध्ये खेळायला घेतला, चार-पाच महिने जवळजवळ रोज खेळलो आणि मग तो हातातून कधी सुटला हे माझे मलाच कळले नाही. आता तर त्याचे सर्व्हरही बंद आहेत. माझा भाऊ म्हणतो की, फुकट गेमचे शेवटी असेच होते. मला हे उत्तर पटत नाही, पण दुसरे उत्तरही सापडत नाही. इतके देखणे काम वाया का गेले?

उत्तर : आपल्या भावाने सांगितले ते मृत्यूचे कारण आहे, दुखणे त्याच्या बरेच आधीचे आहे.

ज्यांनी हा गेम पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात हकिगत सांगतो. लॉस एंजेलिस येथील 'अ‍ॅडहीसिव्ह गेम्स' या मोजक्या माणसांच्या संघाने 2011 मध्ये प्रत्यक्ष खेळाचे एक चित्रण प्रसिद्ध केले आणि बड्या स्टुडिओंचे काम पाहायला सरावलेले लोकही ते पाहून चकित झाले. गंजलेले पत्रे, लोंबणाऱ्या तारा, एकमेकींवर रचल्यासारख्या दाटीवाटीच्या इमारती आणि त्यांच्यामधून धूर सोडत धावणारी, लोखंडी पेटीला पाय फुटावेत तशी यंत्रे, असे ते दृश्य होते. पुढे 'मीटिऑर एंटरटेनमेंट' ही प्रकाशक कंपनी उभी राहिली, गुंतवणूकदारांचा पैसा आला, गेम विनामूल्य देऊन आतल्या दुकानातून कमाई करायचे ठरले आणि 12 डिसेंबर 2012 रोजी, म्हणजे बारा-बारा-बाराचा मुहूर्त साधून, खुली चाचणी सुरू झाली. 2014 मध्ये गेम 'स्टीम' या संगणक-गेमच्या ऑनलाइन दुकानात आला. त्यानंतर अपडेट आटले, मूळ संघ पांगला, 2015 मध्ये सूत्रे 'रीलोडेड गेम्स'कडे गेली, 2016 मध्ये प्लेस्टेशन 4 व एक्सबॉक्स वनवरच्या आवृत्त्या निघाल्या आणि जानेवारी 2018 मध्ये संगणकावरचे सर्व्हर बंद करण्यात आले.

आता दुखण्याविषयी. मेका-युद्धाच्या कोणत्याही गेमला खेळाडूच्या मनात एकच गोष्ट उतरवायची असते: आपण नुसता माणूस नसून काही टन वजनाच्या यंत्रात बसलेला माणूस आहोत. 'हॉकन'ला याची सुरुवात फार सुंदर जमली होती. कॉकपिटची चौकट कायम डोळ्यांसमोर असे, पाऊल पडले की ती हलकीच हादरे, उडी मारून खाली आले की सगळा पत्रा खडखडे. बाजूला झपकन सरकायचे झाले तर इंधन खर्ची पडे आणि ते संपले की पुन्हा भरेपर्यंत शत्रूसमोर पाय ओढत चालावे लागे. शस्त्रे तापत, आणि भान न ठेवता गोळीबार केला तर ती काही क्षण जाम होत. पाठीमागून कोणी आले तर एका झटक्यात मागे वळण्याची सोय होती, पण त्या वळण्यालाही वजन होते. ही सगळी कारागिरी पहिल्या दहा मिनिटांत जाणवे आणि त्या दहा मिनिटांसाठी मी आजही या संघाला दाद देतो.

मात्र अकराव्या मिनिटापासून एक विचित्र गोष्ट घडू लागे. यंत्राचा आकार डोळ्यांना दिसणे थांबे. याचे कारण असे की, त्या रणांगणावर यंत्रांखेरीज दुसरे कोणीच नव्हते. इमारतींना इवलीशी दारे होती, जिने होते, कठडे होते, पण त्या दारातून कधी कोणी बाहेर आले नाही. सगळेच राक्षस असले की राक्षस कोणालाच राक्षस वाटत नाही, आणि मग तीच गल्ली, तोच कोपरा, तीच दबा धरून बसण्याची जागा ही एखाद्या साध्या बंदूकबाजीच्या गेमसारखी वाटू लागते. मार्च 2014 मध्ये आलेल्या 'टायटनफॉल'ची तुलना येथे करण्याचा मोह होतो. तो काही लहान संघाचा गेम नव्हता आणि त्याच्यामागे पैशाचे बळ होते, हे मान्य. पण त्यातला मुद्दा पैशाचा नाही. त्यात खेळाडू आधी जमिनीवर धावतो, मग आकाशातून त्याचे यंत्र कोसळते, तो त्यात चढतो, आणि शत्रूचा पायदळी सैनिक त्याच यंत्राच्या पाठीवर उडी मारून ते आतून पोखरू पाहतो. उंची समजायला बुटका शेजारी लागतो, आणि 'हॉकन'ने तो शेजारी ठेवलाच नाही.

दुसरी उणीव मला याहूनही मोठी वाटते. 'हॉकन'मधल्या यंत्राला चिलखताचा एकच आकडा होता. तो पूर्ण असताना यंत्र जसे चाले, तसेच तो शून्याच्या जवळ आला असतानाही चाले; नेम तितकाच अचूक, पाय तितकेच चपळ. 1984 मध्ये निघालेल्या 'बॅटलटेक' या पटावरच्या खेळात, जिथे सगळा हिशेब कागदावर पेन्सिलीने करायचा असतो, प्रत्येक यंत्राचे आठ भाग पाडलेले आहेत: डोके, धडाचे तीन भाग, दोन हात आणि दोन पाय. हात गेला की हातातली तोफ गेली. पाय गेला की यंत्र लंगडे झाले. उष्णतेची मोजपट्टी 30 वर पोहोचली की यंत्र आपोआप बंद पडते. त्यामुळे तिथला प्रत्येक सामना संपल्यावर सांगण्यासारखा असतो, कारण एकहाती, लंगडत, भट्टीसारखे तापलेले यंत्र घेऊन कोणीतरी टिकून राहिलेले असते. आपण 'हॉकन' चार-पाच महिने खेळलात असे लिहिले आहे. त्यातला एखादा सामना आज आठवून सांगता येईल का, हे एकदा स्वतःला विचारून पाहावे. मला गल्ल्या आठवतात, आवाज आठवतो, रंग आठवतात. सामना एकही आठवत नाही.

तरीही या गेममध्ये एक प्रकार असा होता, ज्यावरून त्यांना मार्ग सापडत होता असे वाटते. 'सीज' या नावाच्या त्या प्रकारात दोन्ही गटांनी मैदानातल्या केंद्रांवरून ऊर्जा गोळा करून आपल्या तळावर नेऊन ओतायची, पुरेशी ऊर्जा साठली की तळावरून एक अवाढव्य लढाऊ जहाज निघे आणि संथपणे शत्रूच्या तळाकडे सरकू लागे. मधोमध असलेले विमानवेधी तोफांचे ठाणे ज्याच्या ताब्यात, त्याला ते जहाज पाडता येई. ऊर्जा घेऊन परतताना मेलात तर ती तिथेच सांडे आणि शत्रू उचलून नेई. येथे प्रथमच पळून जाण्याला, वाट पाहण्याला आणि सोबत्याला आडोसा देण्याला अर्थ आला. डोक्यावरून ते जहाज जाऊ लागले की आपले यंत्र एकदम लहान वाटे आणि म्हणूनच खरे वाटे. या एका प्रकाराभोवती पूर्ण गेम रचला असता, तर कदाचित आपले पत्र वेगळे असते. प्रत्यक्षात तो चार-पाच प्रकारांपैकी एक होऊन राहिला आणि नेहमीच्या मारामारीच्या प्रकारांपुढे मागे पडला.

आता आपल्या भावाच्या मुद्द्याकडे येतो. फुकट मल्टिप्लेअर, म्हणजे अनेकांनी एकमेकांशी ऑनलाइन खेळायच्या, गेमचे गणित गर्दीवर चालते. हजार जण खेळतील तेव्हा काही थोडे पैसे मोजतील, आणि पैसे मोजणाऱ्यालाही समोर लढायला कोणीतरी हवे असते. गर्दी ओसरू लागली की नवशिक्यांची गाठ थेट मुरलेल्या खेळाडूंशी पडते, पहिल्या तीन सामन्यांत धूळ चाखून ते निघून जातात, गर्दी आणखी पातळ होते. खेळून मिळवायचे गुण आणि पैशाने विकत घ्यायचे गुण अशी दोन नाणी, नव्या यंत्रासाठी तेच ते खेळत राहण्याची मेहनत, हे सारे या उताराला वंगण पुरवणारे होते. पण गर्दी सुरुवातीला भरपूर होती, ही गोष्ट आपल्या भावाने लक्षात घ्यावी. लोक आले, त्यांना आवडले, पण ते टिकले नाहीत. दुकान कितीही वाईट असले तरी ज्या खेळात रात्री झोपताना आठवावे असे काही घडते, तिथे लोक दुकानाला शिव्या देत का होईना, परत येतात.

प्रश्न : आपण त्या संघात असता, तर नेमकी कोणती एकच गोष्ट बदलली असती? सर्व काही बदलले असते, असे उत्तर कृपया देऊ नये.

उत्तर : अट मान्य आहे. मी दुरुस्तीचा क्षण हाती घेतला असता.

'हॉकन'मध्ये यंत्र जखमी झाले की कुठेतरी आडोसा गाठून एक कळ दाबायची. यंत्र गुडघ्यात वाकून खाली बसे, इंजिनाचा आवाज विरत जाई आणि एक छोटा ड्रोन बाहेर येऊन चिलखत सांधू लागे. या अवस्थेत हलता येत नसे, गोळी झाडता येत नसे. शत्रूच्या पावलांचा धप्प, धप्प आवाज भिंतीपलीकडून जवळ येत असे आणि आपण आत बसून विचार करत असू की आणखी दोन सेकंद थांबावे की उठावे. उठायलाही वेळ लागे. माझ्या मते संपूर्ण गेममधला सर्वांत सच्चा प्रसंग हाच. एरवी अजिंक्य वाटणारी वस्तू गुडघे टेकून बसली आहे आणि तिच्या आत एक घाबरलेला माणूस आहे, हे मेका प्रकाराचे सार तिथे आपोआप उभे राहत होते.

आणि गेमने त्याचे काय केले, तर चिलखताचा आकडा पुन्हा पूर्ववत केला. मी तिथे खेळाडूला निवड करायला लावले असते: या काही सेकंदांत पाय सांधायचा की तोफ, तापलेले शस्त्र थंड करायचे की इंधनाची गळती थांबवायची? त्यासाठी आधी पाय, तोफ आणि टाकी वेगवेगळी मोडायला हवी, म्हणजे वर सांगितलेली दुसरी उणीवही ओघाने भरून निघते. यासाठी नवे रणांगण लागत नाही, नवी यंत्रे लागत नाहीत, नवे चित्रकार लागत नाहीत. वेग मंदावेल, अशी तक्रार काही खेळाडूंनी नक्कीच केली असती, आणि समतोल साधताना प्रोग्रामरांची झोप उडाली असती, हेही खरे.

प्रश्न : यावरून लहान संघांनी मेकाच्या वाटेला जाऊच नये, असे म्हणायचे का? आम्ही तिघे मित्र असाच एक गेम बनवण्याच्या विचारात आहोत, म्हणून विचारतो.

उत्तर : जरूर जावे, पण वजन कुठे ठेवायचे ते आधी ठरवून जावे. 2018 मध्ये आलेला 'इंटू द ब्रीच' हा 'सबसेट गेम्स' या अगदी लहान संघाचा गेम आठ बाय आठ घरांच्या पटावर संपतो. त्यात सामान्यतः तीनच यंत्रे आपल्या हाती असतात, शत्रू पुढच्या चालीत काय करणार हे आधीच दाखवलेले असते, आणि ज्या इमारतीत माणसे राहतात त्या वाचवण्यासाठी कधीकधी आपलेच यंत्र मधे घालावे लागते. चित्रे बोटभर आहेत; तरी राक्षसी यंत्राच्या धक्क्याने शत्रू असलेला एक कीटक शेजारच्या इमारतीवर आपटणार की समुद्रात पडणार, हे ठरवताना जे दडपण येते, ते कोट्यवधींच्या ग्राफिक्सने येतेच असे नाही. 'हॉकन'मध्ये नसलेला बुटका शेजारी येथे प्रत्येक घरात राहतो.

याच्या उलट उदाहरण 'ब्रिगाडोर'चे. 2016 चा हा गेम वरून तिरक्या कोनातून दिसतो, त्यात पायांची दिशा वेगळी आणि तोफेची दिशा वेगळी सांभाळावी लागते, आणि वाटेतल्या भिंती, घरे, कुंपणे सारी कोसळतात. वजन उत्तम जमले आहे, पण सुरुवातीला त्याची विक्री फार थोडी झाली आणि 2017 मध्ये सुधारित आवृत्ती काढावी लागली. म्हणजे कौशल्य असूनही लोकांपर्यंत पोहोचायला वेळ लागतो, इतके खर्चात धरून ठेवा.

तुम्हा तिघांना एकच आग्रहाचे सांगणे: पहिला आराखडा केवळ ऑनलाइन सामन्यांवर उभारू नका. तिघांच्या संघाला रात्रंदिवस भरलेले सर्व्हर परवडत नाहीत, आणि रिकाम्या रांगेत दहा मिनिटे थांबलेला खेळाडू पुन्हा येत नाही. एकट्याने, इंटरनेट नसतानाही खेळता येईल असे काहीतरी आधी बनवा. तसेच चित्रकाराला कामाला लावण्यापूर्वी दोन राखाडी ठोकळे घेऊन बघा; एक ठोकळा दुसऱ्यापेक्षा जड आहे, हे डोळे मिटून नुसत्या आवाजावरून आणि कळ दाबल्यावर लागणाऱ्या विलंबावरून कळले पाहिजे.

प्रश्न : 'हॉकन' आज कुठे खेळता येईल का?

उत्तर : संगणकावरचा मूळ गेम 2018 पासून अधिकृतपणे बंद आहे. मे 2023 मध्ये '505 गेम्स'ने 'हॉकन रीबॉर्न' या नावाने एकट्याने खेळायचा नवा गेम अपूर्णावस्थेत, लवकर प्रवेशाच्या स्वरूपात आणला. जुन्या खेळाडूंना तो मुळीच रुचला नाही, आणि दुकानाविषयीची जुनी नाराजी तिथेही उफाळून आली. मूळ गेम कसा होता हे पाहायचे असेल, तर खेळाडूंनी त्या काळी नोंदवलेली चित्रणे बघावीत, आणि ती हेडफोन लावून बघावीत. 'सीज'चे एखादे मिळाले तर उत्तम.