फक्त विणकाम आणि लेस बघायला शेटलंड किंवा बुरानोसारख्या बेटावर जावं का? मी साताऱ्याची. खर्च किती येईल? घरचे म्हणतात, यूट्यूबवर सगळं दिसतं.

जा. आणि स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवरच जा. बुरानो व्हेनिसहून बोटीने पाऊण तासावर, दिवसभर पर्यटकांची रीघ, आणि दुकानांत टांगलेली बरीचशी लेस मशीनची.

मी सांगलीची. लेक स्कॉटलंडमध्ये शिकत होती तेव्हा तिच्याबरोबर गेले. ॲबरडीनहून संध्याकाळी बोट सुटते, ती सकाळी लर्विकला, म्हणजे शेटलंडच्या मुख्य गावाला लागते. तिथे विणून दाखवणाऱ्या एका आजींच्या कमरेला चामड्याचा पट्टा होता. पट्ट्यावर घोड्याचे केस ठासून भरलेली छोटी उशी, तिला भोकंच भोकं. उजव्या सुईचं मागचं टोक त्यात रोवलं की सुईचा भार पट्टा घेतो, बोटं फक्त धागा फिरवतात. त्यांनी तो पट्टा माझ्या कमरेला बांधला, माझं बोट धरून धागा किती ओढायचा ते दाखवलं. व्हिडिओत हात दिसतात हो, धाग्याचा ताण कुठे कळतो?

पाठीवर जळणाची टोपली आणि हातात चालू विणकाम, असे तिथल्या बायकांचे जुने फोटो आहेत. पोटासाठी विणत होत्या त्या. व्यापारी शालीचे रोख पैसे द्यायचे नाहीत, बदल्यात चहा नाहीतर कापड द्यायचे. शेवटी सरकारने चौकशी लावली, 1872 मध्ये विणणाऱ्या बायकांनी स्वतः साक्षी दिल्या. हे कळलं आणि माझ्या अंगावर काटा आला, कारण आमच्याकडच्या एका दुकानदाराने माझ्याकडून बाळंतविड्यातली टोपरी-मोजे विणून घेऊन कितीदा तरी पैशांऐवजी लोकरच हातावर ठेवली होती. घरी दीर म्हणायचे, "वहिनींचा तेवढाच वेळ जातो." मी शेटलंडला निघाले तर, "लोकर बघायला कोणी एवढे पैसे घालतं का?" हेच भाऊजी क्रिकेटचा सामना बघायला परदेशी गेले तेव्हा घरात कोणी खर्चाचं नाव काढलं नव्हतं. त्यांना तेव्हा बोलले नाही, आता बोलते: विणकाम हे काम आहे.

शेटलंडमधलंच उत्तरेचं अन्स्ट बेट चुकवू नका. लर्विकहून बसने निघून मध्ये दोन फेरी बोटी लागतात. तिथल्या संग्रहालयात जाळीच्या शाली आहेत. मेंढीच्या मानेजवळची मऊ लोकर न कातरता हाताने उपटून काढायची, तिचं केसासारखं बारीक सूत, आणि त्यातून विणलेली अख्खी शाल लग्नाच्या अंगठीतून आरपार जाते. टाके मोजायला गेले तर डोळ्यांना पाणी आलं.

खर्चाचं म्हणाल तर माझा आकडा तुम्हाला उपयोगी नाही, लेकीमुळे राहण्याचे बरेच पैसे वाचले. ब्रिटनचा व्हिसा लागतो, बेटावर जेवणखाण महाग, आणि वारा सुटला की बोटी रद्द होतात, म्हणून परतीच्या विमानाआधी मोकळे दिवस ठेवा. सप्टेंबरच्या शेवटी तिथे लोकरीचा मोठा उत्सव असतो, त्याला जायचं तर खोली फार आधी धरा. हिवाळ्यात जाऊ नका, अन्स्टचं संग्रहालय बंद असतं.

आणि निघण्याआधी तुमच्याच जिल्ह्यात माणदेशात जाऊन घोंगडी विणताना बघा, सुताला चिंचोक्याची खळ कशी देतात तेही. विकत घेतलीत तर भाव पाडून मागू नका.