मेलेल्या कंपन्या कुठे आहेत?

प्रिय,

अनेक आशीर्वाद. तुझा संशोधन-आराखडा दोनदा वाचला. मंदीत कंपन्या आपलं धोरण कसं बदलतात, हा प्रश्न चांगला आहे आणि तो तुझ्या हातून नीट होईल असं मला मनापासून वाटतं. पण शेवटच्या पानावर तू लिहिलंस, 'विश्लेषणाच्या टप्प्यावर इतर विद्याशाखांतील तज्ज्ञांची मदत घेतली जाईल', तिथे मी अडले. हे पत्र त्या एका वाक्यासाठी.

विश्लेषणाच्या टप्प्यावर फार उशीर झालेला असतो. मी तुझ्या वयाची होते तेव्हा आम्ही तिघांनी मिळून असाच डेटा गोळा केला होता. तीन वर्षं खपून. मग एका सांख्यिकी पद्धतीबद्दल विचारायला म्हणून एका पर्यावरणशास्त्राच्या प्राध्यापकांकडे गेलो. त्यांनी पद्धतीचं काही विचारलंच नाही. तक्ता समोर ओढला, वर्षांच्या रकान्यावरून बोट खालपर्यंत फिरवलं आणि म्हणाले, "एकही जागा रिकामी नाही. यातल्या मेलेल्या कुठे आहेत?" बंद पडलेल्या कंपन्यांची माहिती अर्धवट होती म्हणून आम्ही त्या वगळल्या होत्या. तसं सांगितल्यावर त्यांनी फिंच पक्ष्यांची गोष्ट सांगितली. गॅलापागोसमधल्या डॅफ्ने मेजर बेटावर 1977 साली दुष्काळ पडला. लहान, मऊ बिया संपल्या आणि कठीण बिया फोडू शकणारे मोठ्या चोचीचे पक्षी त्या मानाने जास्त तगले. दुष्काळानंतर मोजलं तर सरासरी चोच मोठी झालेली. पण एकाही पक्ष्याची चोच वाढलेली नव्हती. "तुमच्या कंपन्या बदलल्या, की न बदलणाऱ्या मेल्या?" असं त्यांनी विचारलं, आणि आमच्याकडे उत्तर नव्हतं. त्या तक्त्यातून ते कधी मिळणारही नव्हतं.

योगायोग असा की त्याच 1977 साली मायकेल हॅनन आणि जॉन फ्रीमन या समाजशास्त्रज्ञांनी संघटनांबद्दल हाच मुद्दा मांडला होता: संघटना सहजी बदलत नाहीत, जुन्या मरतात, नव्या जन्मतात आणि लांबून पाहणाऱ्याला बदल दिसतो. तो लेख आम्ही वाचलेला होता, संदर्भसूचीत टाकलेलाही होता. तरी आमच्या तक्त्यातून मेलेल्या कंपन्याच गायब आहेत हे दिसायला दुसऱ्या विषयातला माणूस समोर बसावा लागला. पुढचं दीड वर्ष बंद पडलेल्या कंपन्यांची कागदपत्रं शोधण्यात गेलं. तुझा प्रश्न नेमका याच वाटेवरचा आहे, म्हणून हे एवढं लांबण लावलं.

दुसरी गोष्ट उसनवारीची. तुझ्या आराखड्यात 'एनके मॉडेल वापरले जाईल' असं एक वाक्य आहे. ते मॉडेल कुठून आलं ते नीट बघ. स्टुअर्ट कॉफमन या जीवशास्त्रज्ञाने ते जनुकांसाठी मांडलं: एन म्हणजे घटक किती, के म्हणजे एकेका घटकाचं योगदान इतर किती घटकांवर अवलंबून. व्यवस्थापनाचे अभ्यासक डॅनिएल लेविन्थल यांनी 1997 मध्ये जनुकांच्या जागी कंपनीचे निर्णय ठेवले. हो-नाही स्वरूपाचे दहाच निर्णय धरले तरी 1,024 जुळण्या होतात. जी जुळणी कंपनीला जितकी फायद्याची, तितकी ती उंचावर आहे असं समज. निर्णय सुटे असतील तर एकेक सुधारत माथ्यावर पोचता येतं. ते एकमेकांत गुंतलेले असतील तर वाटेत अनेक छोट्या टेकड्या उभ्या राहतात. कंपनी जवळच्या टेकडीवर चढते आणि तिथून कुठलाही एक निर्णय बदलला तरी खालीच येते. यशस्वी कंपनीचं धोरण सगळ्यांना दिसत असूनही त्याची नक्कल का फसते, याचं मला पटलेलं उत्तर जॅन रिव्हकिन यांनी 2000 मध्ये यातूनच काढलं.

पण जनुकं विचार करत नाहीत. व्यवस्थापक करतात, भले ढोबळ का होईना, आणि दूरची टेकडी त्यांना अंधूक दिसू शकते. जोव्हानी गावेट्टी आणि लेविन्थल यांनी त्याच वर्षी हा फरकच मॉडेलमध्ये आणला. तो पेपर मला फार आवडतो, कारण उसनं घेतलेलं जिथे बसत नाही तिथेच त्यांनी काम सुरू केलं. तुझ्या कंपन्यांमध्ये ते मॉडेल कुठे बसत नाही, हे एखाद्या जीवशास्त्रज्ञालाच विचार. तो कदाचित अर्ध्या तासात सांगेल.

शब्दांचं बघ. 'मॉडेल' म्हटल्यावर संगणकशास्त्रवाल्यांना बहुधा अंदाज वर्तवणारी यंत्रणा दिसते आणि अर्थशास्त्रवाल्यांना गृहीतकांवर उभी केलेली समीकरणं. अंदाज बरोबर आला की पहिल्यांचं काम झालं, तुला मात्र कारण हवं असतं. आम्ही नंतरच्या एका प्रकल्पात पहिल्या दोन बैठका फक्त यातच घालवल्या: प्रत्येकाने चार शब्द निवडायचे आणि आपल्या विषयात त्यांचा अर्थ काय ते वहीत लिहायचं. तेव्हा वेळ वाया गेल्यासारखं वाटलं. पुढे मसुद्यावरून वाद झाला की आम्ही तीच वही उघडायचो.

आणि लेखकांच्या नावांचा क्रम पहिल्याच महिन्यात ठरवून टाक, संकोच करू नकोस. अर्थशास्त्रात बहुतेक वेळा आडनावाच्या वर्णक्रमाने नावं येतात. जीवशास्त्रात शेवटचं नाव प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं असतं, म्हणजे शेवटी असणं हा मान. आपल्या स्ट्रॅटेजी विषयात शेवटचं नाव म्हणजे सहसा सगळ्यात कमी काम. एकाच यादीकडे तिघं तीन नजरांनी बघतात आणि मनं दुखावतात. कोणी काय केलं हे नोंदवायला 14 भूमिकांची 'क्रेडिट' नावाची पद्धत आहे, ती वापर. वेळेचंही बोलून घे. संगणकशास्त्रात कॉन्फरन्सच्या तारखेवर सगळं चालतं, आपल्या जर्नलमध्ये एका पेपरच्या फेऱ्यांत वर्षं जातात. तुझ्या सहकाऱ्याला त्याच्या प्रबंधासाठी काही लवकर छापायचं असेल, तर त्याचा वाटा आधीच वेगळा काढून ठेव.

गाईड म्हणतील की आधी आपल्या विषयात पाय रोव, मग बाहेर जा. त्यांची काळजी खरी आहे, नोकरी शेवटी एकाच विभागात मिळते. प्रबंध स्ट्रॅटेजीचाच राहू दे. मी फक्त माणसं लवकर बोलावायला सांगते आहे.

तेव्हा सुधारलेला आराखडा आधी मला पाठवू नकोस. डेटा गोळा करायला अजून दोन महिने आहेत ना? कंपन्यांची नुसती यादी घे, एका पर्यावरणशास्त्रज्ञासमोर आणि एका मानसशास्त्रज्ञासमोर ठेव, आणि त्यांनी विचारलेले प्रश्न जसेच्या तसे लिहून मला पाठव.

तुझी,
मॅडम