वाचकांचे प्रश्न: ब्रेडेड ब्रेक लाइन स्वतः बनवायच्या आहेत

प्रश्न: साठच्या दशकातली ब्रिटिश गाडी आहे, पुढे डिस्क मागे ड्रम. पेडल स्पंजी लागतं, ब्लीडिंग (लाइनमधली हवा काढणं) करून झालं तरी तसंच. सगळे रबरी होज काढून स्टीलच्या जाळीचे ब्रेडेड टाकावेत असं मनात आहे, पेडल कडक होईल ना?

उत्तर: होज खरंच फुगत असतील तर होईल, पण दोष दुसरीकडे असेल तर नवे होज टाकूनही पेडल तसंच राहणार, म्हणून आधी कारण शोधा. पेडल खोल जातंय आणि लगेच दुसऱ्यांदा दाबल्यावर वर येतंय असं असेल तर बहुतेक मागच्या ड्रमचे शू (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे तुकडे) ड्रमपासून लांब गेलेत, अ‍ॅडजस्टर फिरवून बघा, तेवढ्यानेच काम होतं अनेकदा. दोन्ही वेळा सारखंच मऊ लागत असेल तर हवा किंवा होज. अशा गाड्यांत साधारण तीनच होज असतात, पुढे दोन आणि मागच्या अ‍ॅक्सलला एक. होज दाबायचा खास गोल जबड्याचा क्लॅम्प मिळतो तो तिन्हीवर लावा आणि पेडल दाबा. दगडासारखं कडक लागलं तर मास्टर सिलेंडर (पेडलने चालणारा ब्रेकचा पंप) आणि क्लॅम्पपर्यंतचा पाइप ठीक आहे, मग एकेक क्लॅम्प सोडत जा, जो सोडल्यावर पेडल मऊ होतं त्या चाकाकडे दोष. जुने होज काढायचेच आहेत म्हणून हे चालतं, ब्रेडेड होजवर क्लॅम्प कधीच लावायचा नाही, आतली टेफ्लॉनची नळी मोडते आणि पुन्हा सरळ होत नाही.

जुन्या रबराचा आणखी एक त्रास म्हणजे ते आतून फुगून वाट बंद करतं. पायाच्या जोराने ऑइल पुढे जातं पण परत येत नाही, मग त्या बाजूचं चाक धरून राहतं आणि डिस्क तापते. बाहेरून होज छान काळाभोर दिसत असतो. असं असेल तर ब्रेडेड टाका किंवा नवे रबरी टाका, बदलणं मात्र आजच करा.

प्रश्न: होज आणि फिटिंग सुटे मिळतात, मग घरी बनवणं सुरक्षित आहे का? काय काळजी घ्यायची?

उत्तर: माझं मत स्पष्ट सांगतो, बनवा, पण ज्या लाइनची प्रेशर टेस्ट झाली नाही ती गाडीला लावू नका.

फिटिंग दोन प्रकारची येतात. एक क्रिंपवाली, म्हणजे होजवर चेपून बसवायची, तिला प्रेस आणि त्याच होजची डाय (साचा) लागते, वाइसमध्ये चेपून किंवा हातोडीने ठोकून ती होत नाही, तो विषय घरी काढूच नका. दुसरी उघडता येणारी, तिच्यात तीन भाग असतात, बाहेरचा सॉकेट, पितळेची छोटी रिंग म्हणजे ऑलिव्ह, आणि नळीच्या आत शिरणारं टोक म्हणजे निपल. घरी बनवायची ती हीच. होज घेताना आतली नळी टेफ्लॉनची आहे आणि तो ब्रेकसाठीच आहे याची खात्री करा, कारण आतून रबर असलेला इंधनाचा जाळीदार होज बाहेरून अगदी तसाच दिसतो आणि तो ब्रेकला चालत नाही. साइज बहुतेक गाड्यांना डॅश 3, म्हणजे 3/16 इंची पाइपच्या जोडीचा.

कापायच्या जागी टेप घट्ट गुंडाळा आणि टेपच्या मधोमध पातळ कटिंग डिस्कने कापा, हॅक्सॉने जाळी विस्कटते. टेप काढायच्या आधीच दोन्ही सॉकेट होजवर चढवून ठेवा, नंतर विस्कटलेल्या तारांवरून ते जात नाहीत आणि बोटं फाटतात (हातमोजे घाला, त्या तारा सुईसारख्या घुसतात). आतली नळी धारदार पात्याने काटकोनात साफ करा, आतून हवा मारून सगळा चुरा उडवा.

आता खरं काम. बारीक स्क्रू ड्रायव्हरने जाळी नळीपासून अलगद मोकळी करा, नळीवर ओरखडा पडता कामा नये. ऑलिव्ह नळीवर, जाळीच्या आत सरकवा आणि टोक सपाट टेबलावर दाबा, नळी ऑलिव्हच्या आतल्या पायरीला टेकेपर्यंत. मग भिंग घेऊन उजेडात बघा. ऑलिव्ह आणि नळीच्या मध्ये एक जरी तार अडकली असली तर तो जोड कधीतरी गळणार, आणि गळणार तो जोरात ब्रेक दाबल्यावरच. तार दिसली की कापून नव्याने करा. यासाठीच होज थोडा जास्त घ्यायचा. निपलला ब्रेक ऑइलचा थेंब लावून ते आत बसवा, सॉकेट आधी हाताने आणि मग पान्याने आवळा. आवळण्याआधी सॉकेटच्या कडेला होजवर मार्करने रेघ मारून ठेवा, आवळताना होज मागे सरकला तर रेघ लगेच सांगते. जोड कधीही उघडला तर ऑलिव्ह नवीनच टाकायची, एकदा दबलेली पुन्हा धरत नाही.

टेस्ट हायड्रॉलिक होज बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये होऊ शकते. जोराच्या ब्रेकिंगमध्ये लाइनमध्ये 70 ते 100 बार सहज येतात, टेस्ट त्याच्या बरीच वर, होज आणि फिटिंगच्या रेटिंगच्या आत करतात. पण जायच्या आधी एक गोष्ट त्यांच्याशी नक्की बोला: त्यांच्या मशीनमध्ये बहुतेक मिनरल ऑइल असतं आणि ते ब्रेकच्या रबरी सीलना फुगवून खराब करतं, चार थेंब आत राहिले तरी नुकसान. ब्रेक ऑइलने किंवा स्वच्छ पाण्याने टेस्ट करायला लावा आणि पाणी वापरलं असेल तर लाइन पूर्ण वाळवा. कॉम्प्रेसरच्या हवेने टेस्ट करू नका, हवेत दाबाची ताकद साठून राहते आणि जोड सुटला तर तुकडा गोळीसारखा उडतो. टेस्टची सोय होत नसेल तर माप आणि टोकं तुम्ही ठरवा आणि लाइन टेस्ट करून देणाऱ्याकडून बनवून घ्या, ती गाडीला स्वतः बसवण्यातही भरपूर काम आहे.

प्रश्न: नवी लाइन जुन्या स्टील पाइपला जोडली, नट दोन-तीन आटे छान गेला, पण ढिला वाटतो आणि जोड गळतो. मित्र म्हणतो टेफ्लॉन टेप गुंडाळ.

उत्तर: टेप अजिबात नको आणि गाडी तशी चालवू तर नकाच. ब्रेकच्या जोडात आटे फक्त दाबून धरतात, ऑइल अडवतो तो टोकाचा कोन, मग आट्यांवर टेप लावून उपयोग काय होणार, उलट तिचे धागे आत जाऊन वाट अडवतील. तुमच्या वर्णनावरून बहुधा 3/8 यूएनएफचा (इंची आट्यांचा) नट एम10 बाय 1 च्या (मेट्रिक आट्यांच्या) भोकात गेलाय. पहिला 9.53 मिलिमीटरचा आणि इंचाला 24 आटे, म्हणजे पिच (दोन आट्यांमधलं अंतर) 1.06 मिलिमीटर, दुसरा 10 मिलिमीटरचा आणि पिच 1. डोळ्याला फरक दिसत नाही, हाताने थोडा जातोही, आणि आवळला की आटे मारतो. जुन्या ब्रिटिश गाडीत मूळ आटे इंची, पण मधल्या पन्नास-साठ वर्षांत कोणी कॅलिपर (डिस्कला पकडणारा भाग) किंवा मास्टर सिलेंडर बदलला असेल तर एकाच गाडीत दोन्ही सापडतात, त्यामुळे प्रत्येक टोक पिच गेजने वेगळं मोजा.

आट्यांइतकंच टोकाचं आहे. पाइपचं फुलवलेलं टोक (फ्लेअर) दुहेरी दुमडलेलं डबल फ्लेअर आहे की बुडबुड्यासारखं गोल बबल फ्लेअर, आणि समोरची बैठक त्याच आकाराची आहे का, हे बघा. ब्रेडेड फिटिंगमध्ये 37 अंशाचा जेआयसी (हायड्रॉलिक फिटिंगच्या मानकाचा) कोन खूप येतो आणि गाडीच्या पाइपचा फ्लेअर 45 अंशाचा असतो, ते एकमेकांवर नीट बसत नाहीत, कितीही आवळा. बँजो (पोकळ बोल्टने बसणारं गोल कड्याचं टोक) असेल तर दोन्ही बाजूंना तांब्याचा वायसर, आणि नवीन.

प्रश्न: लांबी जुन्या होजएवढीच ठेवायची ना?

उत्तर: सुरुवात तिथून करा, पण भरवसा ठेवू नका, आधीच्या कोणी चुकीचा होज लावलेला असू शकतो. गाडी स्टँडवर घेऊन चाक पूर्ण लटकू द्या, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, मग जॅकने सस्पेन्शन पूर्ण वर उचलून तेच पुन्हा. मापासाठी जाड दोरी किंवा उरलेला होजचा तुकडा बांधून बघता येतं. कुठेही ताण नको, आणि कुठेही टायर, स्प्रिंग किंवा बॉडीला घासायला नको, कारण ही जाळी कानशीसारखी असते, स्वतः झिजायच्या आधी शेजारचा पाइप कापते. म्हणून प्लास्टिकचं आवरण असलेला होज घ्या. काळा घेतला तर जुन्या गाडीत मूळ रबरी होजसारखा दिसतो, हाही फायदा.

फिटिंगमधून बाहेर येताच होज वाकायला नको, थोडा सरळ जाऊन मग वळू दे. हे होज तुटतात ते बहुतेक त्याच जागी, तारा एकेक करून, आणि आवरणाखाली ते दिसतही नाही. आवळताना पीळही पडता कामा नये. होजवर लांबीला मार्करची सरळ रेघ मारा, बसवून झाल्यावर ती सरळच दिसली पाहिजे. क्रम असा, आधी कॅलिपरचं टोक पूर्ण आवळायचं, मग ब्रॅकेटच्या बाजूला होजचा षट्कोन एका पान्याने धरून दुसऱ्याने नट.

प्रश्न: मग मास्टर सिलेंडरपासून मागपर्यंत सगळीच लाइन ब्रेडेड केली तर?

उत्तर: नको. जिथे हालचाल आहे तिथेच होज, बाकी कडक पाइप. लांब होज थोडा का होईना फुगतोच, घासायच्या जागा वाढतात आणि आतली स्थिती कळत नाही. बॉडीखाली तांबं-निकेलचा 4.75 मिलिमीटरचा पाइप टाका, गंजत नाही आणि हाताने छान वळतो.

प्रश्न: लाइन बदलतोच आहे तर डॉट 5 ब्रेक ऑइल भरू का?

उत्तर: टेफ्लॉनला कुठलंही चालतं, प्रश्न बाकी सिस्टिमचा आहे. डॉट 5 सिलिकॉनचं, ते डॉट 3, 4 किंवा 5.1 मध्ये मिसळायचं नाही, आणि जुनं सगळं काढून सील नवे टाकल्याशिवाय भरायचं नाही. तुम्हाला तर कडक पेडल हवंय, त्यासाठी नवीन सीलबंद डबीतलं डॉट 4 उत्तम, फक्त रंगावर सांडू देऊ नका.

प्रश्न: सगळं बसवलं, ब्लीड केलं. रस्त्यावर न्यायच्या आधी काय तपासू?

उत्तर: प्रत्येक जोड पुसून पूर्ण कोरडा करा आणि भोवती पांढरा टिश्यू गुंडाळा. सर्व्हो (पेडलच्या जोराला मदत करणारा बूस्टर) असेल तर इंजिन चालू ठेवून, पूर्ण ताकदीने पेडल दाबून एक मिनिट धरून ठेवा. पेडल हळूहळू खाली सरकायला नको आणि टिश्यूवर ओला ठिपका यायला नको. दुसऱ्या माणसाला स्टिअरिंग फिरवायला सांगून तुम्ही खाली होजकडे बघत राहा. मग मोकळ्या जागी कमी वेगात ब्रेक मारून बघा, परत येऊन पुन्हा टिश्यू लावा. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर एकदा आणि पुढे प्रत्येक सर्व्हिसला फिटिंगच्या मुळाशी बोट फिरवून बघायचं, आवरण फुगलेलं, तार टोचणारी किंवा ओलावा, यातलं काहीही लागलं तर ती लाइन काढायची, दुरुस्त करत बसायचं नाही.