वाचकांचे प्रश्न: जिऑलॉजीला ॲडमिशन तर झाली, आता नीट शिकायचं कसं?

या वेळी जिऑलॉजी शिकणाऱ्यांचे प्रश्न बरेच आलेत, त्यातले चार घेतेय. पहिल्याचं उत्तर लांबलंय, कारण बाकीच्या अर्ध्या पत्रांत तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत होता.

प्रश्न: मॅडम, मी दुसऱ्या वर्षाला आहे. खनिजांचे फॉर्म्युले, हार्डनेस, वर्गीकरण सगळं पाठ आहे, थिअरीत मार्कही पडतात. पण फील्डवर गेलं की समोरच्या दगडात मला काही दिसतच नाही. सर दाखवतात तेव्हा दिसतं, ते पुढे गेले की परत नुसता दगड. माझं काय चुकतंय?

तुझा क्रम चुकतोय, बाकी काही नाही. तू दगडासमोर उभा राहिलास की पहिला प्रश्न विचारतोस "याचं नाव काय", आणि नाव आठवलं की बघणं बंद, नाही आठवलं तरी बघणं बंद, कारण मग सरांकडे बघत बसतोस. नाव शेवटी. आधी वहीत लिही की कण केवढे आहेत, सगळे एका मापाचे आहेत का, एकमेकांत गुंतलेत की मधल्या कशाने तरी चिकटवल्यासारखे आहेत, थर दिसतात का, आणि हे सगळं ताज्या फुटलेल्या भागावर बघायचं, बाहेरची झिजलेली साल बघून भलेभले फसतात.

आता लेन्सचं बघ. दहापटीची लेन्स प्रत्येकाच्या गळ्यात असते पण निम्मे लोक ती दगडावर धरून लांबून वाकून बघतात, मग काय दिसणार? लेन्स डोळ्याला जवळजवळ टेकवायची आणि दगड हळूहळू जवळ आणायचा, साधारण अडीच सेंटीमीटरवर आला की एकदम स्पष्ट होतो. दगडावर ऊन पडेल असं उभं राहा आणि हातातला तुकडा जरा जरा तिरका करत राहा. ग्रॅनाइट असेल तर काही कण एका विशिष्ट कोनात लखकन चमकतील आणि कोन बदलला की विझतील, तो फेल्डस्पार, कारण त्याला सपाट क्लीव्हेज असतं, म्हणजे तो ठराविक सपाट पातळीवर फुटतो. क्वार्ट्झ तसं करत नाही, ते राखाडी, काचेसारखं, वेडंवाकडं फुटलेलं दिसतं. आणि चमकणाऱ्या कणावर बारीक समांतर रेघा दिसल्या तर तो प्लॅजिओक्लेज, फेल्डस्पारचाच एक प्रकार. ही पाच मिनिटं एकदा नीट घालवलीस की व्हायवाच्या आदल्या रात्री फेल्डस्पारची पानं घोकायला लागत नाहीत.

दुसरं म्हणजे स्केच. फोटो काढ, नको कोण म्हणतंय, पण फोटोला काही ठरवावं लागत नाही. स्केच काढताना मात्र प्रत्येक रेघेला ठरवावं लागतं की हा थर आहे की जॉइंट (खडकातली भेग) की नुसती पाण्याची खूण, आणि जिथे पेन्सिल अडते नेमकं तिथेच तुला कळलेलं नसतं. चित्रकला येत नाही ही सबब चालणार नाही, स्केल, दिशा आणि लेबलं असली की झालं. आणि हो, स्ट्राइक-डिप (थराची दिशा आणि उतार) घेताना कंबरेचा हॅमर लांब ठेव, लोखंडाने कंपासची सुई हलते आणि मग घरी नकाशावर सगळे थर भलतीकडे वळलेले निघतात, हे दर वर्षी कुणा ना कुणाचं होतंच.

आता तू म्हणशील नुसतं बघत राहिलं की सगळं समजतं का? नाही. स्कॉटिश भूशास्त्रज्ञ जेम्स हटन १७८८ मध्ये होडीतून स्कॉटलंडच्या सिकार पॉइंटला गेला तेव्हा रिकाम्या डोक्याने गेला नव्हता. पृथ्वी प्रचंड जुनी असणार, आधीचे थर वर उचलले जाऊन झिजले असणार आणि त्यावर नवे साचले असणार, हे त्याचं आधीच मांडून झालेलं होतं, तो पुरावा शोधत होता. तिथे खालचे थर उभे आणि त्यांच्या झिजलेल्या डोक्यांवर तांबडा वालुकाश्म थोडासाच कललेला, मधे सुमारे साडेसहा कोटी वर्षांची गॅप. त्याच्याआधी कितीतरी जण तिथून गेले असतील, त्यांना तो नुसता कडा दिसला. म्हणजे फील्डवर जाताना नावांची यादी नाही तर एक प्रश्न घेऊन जायचा. आदल्या दिवशी त्या भागाचा भूशास्त्रीय नकाशा उघड आणि स्वतःशी ठरव की इथे फॉल्ट (खडक तुटून सरकल्याची रेघ) दाखवलाय, मग जमिनीवर मला काय दिसायला पाहिजे? अंदाज चुकला तर उत्तमच, त्या दिवशी तू सगळ्यात जास्त शिकशील.

पाठांतराचंही तसंच. बोवेनची रिॲक्शन सिरीज (मॅग्मा, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, थंड होताना खनिजं बनण्याचा क्रम) एका पेपरला पाठ करतोस, खनिजांच्या झिजण्याचा गोल्डिचचा १९३८ मधला क्रम दुसऱ्या पेपरला, आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघत नाहीस! ठेवून बघ. मॅग्मा थंड होताना सर्वात आधी तयार होणारं ऑलिव्हिन पृष्ठभागावर सर्वात लवकर झिजतं आणि सर्वात शेवटी येणारं क्वार्ट्झ सर्वात जास्त टिकतं. जास्त तापमानाला तयार झालेलं खनिज पृष्ठभागावरच्या थंड ओल्या हवेत जास्त अस्वस्थ, साधं कारण आहे. आणि मग जगातल्या बहुतेक वाळूत क्वार्ट्झच का भरलेलं असतं हे वेगळं पाठ करायलाच नको. पेपर वेगळे असतात, दगड एकच असतो.

अजून एक, थिन सेक्शन (मायक्रोस्कोपखाली बघायचा खडकाचा पातळ काप) लॅबमध्ये जाऊन एक स्लाइड स्वतः घासून बनव, परवानगी मागितली तर बहुतेक ठिकाणी देतात. जाडी ०.०३ मिलिमीटरपर्यंत आणायची असते आणि ती मोजायची क्वार्ट्झच्या रंगावरून. क्रॉस्ड पोलर्समध्ये (मायक्रोस्कोपचे दोन ध्रुवण-फिल्टर एकमेकांना आडवे ठेवून) ते पिवळं दिसतंय म्हणजे अजून जाड आहे, राखाडी-पांढरं झालं की थांब. एक मिनिट जास्त घासलं की नमुना गायब. जाडीप्रमाणे बदलणाऱ्या या रंगांचा, म्हणजे इंटरफिअरन्स कलरचा, तो चार्ट त्यानंतर कधी विसरणार नाहीस.

प्रश्न: ताई, मला गुडघ्याचा कायमचा त्रास आहे, चढ-उतार जमत नाही. विषय मनापासून आवडतो पण सगळे म्हणतात जिऑलॉजी म्हणजे डोंगर चढणं. विषय बदलू का?

अजिबात नको. "सगळे" म्हणजे कोण, ते आधी बघ. समुद्रतळाचे नकाशे काढणाऱ्या मेरी थार्पला १९५० च्या सुरुवातीला संशोधन जहाजांवर जाऊच देत नव्हते, कारण ती बाई. तिने इतरांनी आणलेल्या खोलीच्या नोंदी टेबलावर बसून कागदावर मांडल्या आणि अटलांटिकच्या मधल्या पर्वतरांगेत एक दरी सापडली. सहकाऱ्याला पटलं नाही, मग भूकंपांची केंद्रं त्याच नकाशावर ठेवली तर ती नेमकी दरीतच पडत होती. भूकंपशास्त्रज्ञ इंगे लेहमनने १९३६ मध्ये पृथ्वीचा आतला घन गाभा शोधला तो भूकंपाच्या नोंदी वाचून, तिथे तर कुठलाही बूट जाऊ शकत नाही.

आज तर वाट अजून सोपी आहे. लँडसॅटच्या उपग्रह प्रतिमा २००८ पासून फुकट मिळतात, नकाशांचं सॉफ्टवेअर क्यूजीआयएस फुकट, भूकंपांचे कॅटलॉग उघडे आहेत. मायक्रोस्कोपी, जिओकेमिस्ट्री, सिस्मॉलॉजी, रिमोट सेन्सिंग यात आयुष्य निघतं लोकांचं. तरीपण फील्ड पूर्ण सोडू नकोस, रस्त्याच्या कडेचे कटिंग, खाणीचा सपाट तळ, गाडी जिथे पोचते ते आउटक्रॉप (उघडा पडलेला खडक) बघच, आणि विभागाशी वर्षाच्या सुरुवातीलाच बोल, सहलीच्या आदल्या दिवशी नाही. आधी माहीत असेल तर मार्ग बदलता येतो, ऐनवेळी सांगितलं तर तुला बसमध्ये बसवून ठेवतील आणि तेच सगळ्यात वाईट.

प्रश्न: माझा मुलगा म्हणतो गणित नको म्हणून जिऑलॉजी घेतली. हे बरोबर आहे का? त्याला पुढे अडचण येईल का?

अडचण येईल, त्याला आत्ताच सांगा. खडकाचं वय काढायचं तर हाफ-लाइफ (किरणोत्सारी मूलद्रव्य निम्मं व्हायला लागणारा काळ) आणि लॉगरिदम आलंच, युरेनियम-२३८ चं हाफ-लाइफ सुमारे ४४७ कोटी वर्षं, हा आकडा पाठ करून वय निघत नाही. भूजलात जायचं तर जमिनीतून पाणी किती वेगाने वाहतं ते सांगणारा डार्सीचा १८५६ चा नियम पहिल्याच दिवशी भेटतो. फार अवघड गणित नसतं हो, पण टाळलं की दारं बंद होत जातात. थोडं स्टॅटिस्टिक्स आणि पायथन शिकून घेतलं तर वर्गातले बाकीचे त्याच्याकडे विचारायला येतील. त्याला भीती गणिताची आहे की गणिताच्या मास्तरांची, तेही एकदा विचारून बघा.

प्रश्न: गेल्या तीन टूरचे दगड खोलीत साठलेत, आई टाकून दे म्हणते. काय करू?

लेबल आहे का त्यांवर? नसेल तर आईचं ऐक. नमुना कुठला, कधीचा, कुठल्या थरातला, आउटक्रॉपमध्ये वरची बाजू कोणती हे लिहिलेलं नसेल तर तो कितीही सुंदर असला तरी अभ्यासाला फारसा उपयोगाचा नाही. ज्यांचं वहीतल्या नोंदीवरून नक्की सांगता येतं ते ठेव, त्यांवर आत्ताच नंबर टाक आणि तोच नंबर वहीत लिही. पुढच्या वेळी दगड पिशवीत टाकायच्या आधी मार्करने नंबर टाकायचा, नंतर बसमध्ये करू म्हणालास की झालं. आणि थरांची सुंदर घडी, चांगला जीवाश्म असेल तर हॅमर खिशातच ठेव, स्केच काढ, फोटो काढ, मागून येणाऱ्या बॅचलाही तो बघायचाय.