पिटिशनसोबत मूळ दाखले गेले असतील तर

तुमच्या मिस्टरांनी आय-130, म्हणजे तुम्हाला कायमचं अमेरिकेत बोलावण्यासाठीचं पिटिशन (अर्ज), भरताना झेरॉक्सऐवजी तुमचा मूळ जन्मदाखला, लग्न नोंदणीचा मूळ दाखला आणि अल्बममधले फोटो पाकिटात घालून पाठवले. आता मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत व्हिसाच्या मुलाखतीत मूळ कागद मागितले तर काय दाखवायचं, आणि पिटिशन मागे घेऊन पुन्हा भरावं का, असं तुम्ही विचारलंय. पिटिशन मागे घेऊ नका. मूळ कागद पाठवल्यामुळे पिटिशन नाकारलं जात नाही, त्याचा तपास ठरल्याप्रमाणेच होतो. मागे घेतलंत तर फी बुडेल, रांगेतला नंबर जाईल आणि तेवढ्यासाठी कोणी तुमचे दाखले परत पाठवणार नाही.

मी स्वतः आईसाठी पिटिशन भरलं तेव्हा हेच केलं होतं. मी न्यू जर्सीत आणि आई कराडला. माझा नगरपालिकेचा जन्मदाखला आणि आईचा शाळा सोडल्याचा दाखला, दोन्ही मूळ पाठवले. मूळ कागद पाठवला की सरकारला जास्त विश्वास वाटेल, असं मला वाटलं होतं. फॉर्मच्या सूचनांत याच्या बरोबर उलट लिहिलंय: मूळ कागद मागितला नसेल तर झेरॉक्सच पाठवा, न मागता पाठवलेला मूळ कागद आपोआप परत येत नाही, तो नष्टही होऊ शकतो. हे वाक्य मी पाकीट गेल्यावर तिसऱ्या दिवशी वाचलं. त्या रात्री आईला फोन करायचा मला धीर झाला नाही. म्हणून तुमची घालमेल मला कळते.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. मुलाखतीला 'मूळ' कागद लागतो म्हणजे तुमच्या कपाटात वीस वर्षं असलेला तोच कागद लागतो, असं नाही. ज्या कार्यालयात नोंद आहे त्या कार्यालयाने सही-शिक्क्यानिशी दिलेली प्रमाणित प्रतही चालते. नोंद महापालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या रजिस्टरमध्ये असते आणि दाखला हा त्या नोंदीचा उतारा असतो. उतारा कितीही वेळा काढता येतो. म्हणून गेलेल्या कागदाची वाट बघत बसू नका. उद्याच नवा काढायला घ्या, आणि जुना परत मिळवायची खटपट दुसरीकडून चालू ठेवा. मी सहा आठवडे नुसती वाट बघण्यात घालवले, ते तुमचे जाऊ नयेत.

जन्मदाखल्यासाठी तुमचा जन्म ज्या गावात किंवा ज्या वॉर्डात झाला तिथल्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात अर्ज करायचा. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम 1969 च्या कलम 17 प्रमाणे फी भरून नोंदीचा शोध घेऊन उतारा मागता येतो. जुन्या दाखल्याचा फोटो कोणाच्या मोबाइलमध्ये असेल तर त्यावरचा नोंदणी क्रमांक आणि नोंदणीची तारीख अर्जात लिहा, क्लार्कला रजिस्टर शोधायला सोपं जातं. माझ्या भावाने हे काम केलं.

पण नवा दाखला हातात आला की काउंटरवरून हलायच्या आधी तो अक्षर न् अक्षर वाचा. जुने दाखले हाताने लिहिलेले असतात, नवे संगणकावर. मराठी नाव इंग्रजीत टाइप करताना गोंधळ होतो. माझ्या नव्या दाखल्यात आईच्या नावात एक 'ए' जास्त पडला होता आणि वडिलांचं नाव आडनावाशिवाय आलं होतं. पिटिशनसोबत गेलेल्या कागदावर एक स्पेलिंग आणि मुलाखतीत दाखवलेल्या कागदावर दुसरं, असं झालं तर अधिकारी प्रश्न विचारणारच. भावाने तिथेच दुरुस्तीचा अर्ज दिला. कलम 15 खाली ती दुरुस्ती होते, पण पासपोर्ट, शाळेचा दाखला असे पुरावे जोडावे लागतात आणि त्यात दिवस जातात. आणखी एक बघा, जुन्या नोंदींत पुष्कळदा बाळाचं नावच नसतं, नुसतं 'मुलगी' लिहिलेलं असतं. तसं असेल तर आधी नोंदीत नाव घालून घ्या आणि मग उतारा काढा.

लग्नाच्या दाखल्याचंही तसंच. महाराष्ट्रात 1998 च्या विवाह नोंदणी कायद्याखाली नोंदणी झाली असेल तर तुम्ही सह्या केलेलं विवाहाचं ज्ञापन म्हणजे नमुना 'ड' आणि मिळालेलं प्रमाणपत्र म्हणजे नमुना 'इ'. जिथे नोंदणी केली त्याच विवाह निबंधकाकडे प्रमाणित प्रत मागा. नोंदणी क्रमांक आणि खंड क्रमांक ठाऊक असला की काम लवकर होतं. तुमच्या मिस्टरांनी पाठवण्यापूर्वी झेरॉक्स काढली नसली तरी लग्नाच्या वेळी पासपोर्टसाठी किंवा बँकेसाठी कोणी ना कोणी काढलेली असते. सासरी विचारून बघा.

ग्रामपंचायतीचा दाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडावं लागेल. भाषांतर करणाऱ्याने आपल्याला दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर पूर्ण व अचूक आहे असं लिहून सही करायची. यूएससीआयएसला, म्हणजे पिटिशन तपासणाऱ्या अमेरिकन इमिग्रेशन खात्याला, एवढं पुरतं, नोटरी लागत नाही.

आता जुने कागद परत मागण्याबद्दल. यूएससीआयएसचा यासाठी स्वतंत्र फॉर्म आहे, जी-884. मूळ कागद परत मिळण्याची विनंती, एवढंच त्याचं काम. त्याला फी नाही. हे ठळक सांगते, कारण या कामाचे पैसे मागणारे एजंट मला भेटले आहेत. फॉर्म तुमच्या मिस्टरांनीच भरून सही करायचा, कारण कागद त्यांनी पाठवले. त्यात पिटिशनचा पावती क्रमांक लागतो, म्हणजे पिटिशन मिळाल्याच्या आय-797 नोटिशीवरची तीन इंग्रजी अक्षरं आणि पुढचे दहा आकडे. कोणते कागद हवेत ते एकेक नाव घेऊन लिहायला सांगा. 'माझी सगळी कागदपत्रं' असं लिहू नका. 'अमुक नगरपालिकेने अमुक तारखेला दिलेला जन्मदाखला, क्रमांक अमुक' असं लिहिलं की फाइल उघडणाऱ्या माणसाला नेमका कागद ओळखता येतो. मी पहिल्यांदा नुसतं 'जन्मदाखला आणि शाळेचा दाखला' लिहिलं होतं. मग मनात आलं, शाळेचा दाखला देवनागरीत आहे, तिथल्या माणसाला तो कसा ओळखू येणार? म्हणून दुसऱ्या कागदावर लिहिलं: एक पान, पिवळसर, मराठीत छापलेलं, खाली उजवीकडे जांभळा गोल शिक्का. सोबत त्याची जुनी झेरॉक्स जोडली.

फॉर्म कुठे पाठवायचा हे फाइल कुठे आहे त्यावर ठरतं. केस ज्या कार्यालयाकडे आहे किंवा ज्याने शेवटची कारवाई केली तिथे पाठवायचा. यूएससीआयएसच्या संकेतस्थळावर जी-884 च्या पानावर पत्ता दिलेला असतो, तो त्या दिवशीचा बघून घ्या, पत्ते बदलत राहतात. पिटिशन मंजूर होऊन केस नॅशनल व्हिसा सेंटरकडे, म्हणजे मंजुरीनंतर व्हिसाचे कागद गोळा करणाऱ्या न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्ट्समथच्या कार्यालयाकडे गेली असेल, तर फाइल नेमकी कुठे आहे ते आधी विचारून घ्या. तुमच्या केसमध्ये पिटिशन अजून प्रलंबित आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे फाइल यूएससीआयएसकडेच आहे. आत्ताच अर्ज केला तर बरं. उद्या फाइल मुंबईला वकिलातीत पोचलीच, तर मुलाखतीच्या दिवशी अधिकाऱ्याला शांतपणे विचारा, फाइलमध्ये माझा मूळ दाखला असेल तर मिळेल का. विचारल्याने काही बिघडत नाही.

बरेच महिने उत्तर आलं नाही तर आणखी एक रस्ता आहे. मिस्टर ज्या मतदारसंघात राहतात तिथल्या काँग्रेस (अमेरिकेची संसद) सदस्याच्या कार्यालयात सरकारी खात्यांत अडकलेल्या कामांसाठी माणसं असतात. गोपनीयतेच्या संमतीपत्रावर सही करून दिली की ते यूएससीआयएसकडे चौकशी करतात. फुकट असतं. आपल्याकडच्या लोकांना आमदार-खासदाराच्या ऑफिसात जायला संकोच वाटतो, इथे तो बाळगू नका. माहिती अधिकारासारखा इथेही कायदा आहे आणि त्याखाली फाइलची प्रत मागता येते, पण त्यातून स्कॅन केलेली प्रत मिळते, मूळ कागद नाही. कागदावर काय लिहिलं होतं हेच आठवत नसेल तेव्हा त्याचा उपयोग.

आज रात्री फोन होईल तेव्हा मिस्टरांना आणखी एक विचारा: त्यांचं स्वतःचं मूळ नागरिकत्व प्रमाणपत्र तर त्याच पाकिटात गेलं नाही ना? माझ्या ओळखीतल्या एका गृहस्थांचं गेलं होतं. ते नव्याने काढायला एन-565 फॉर्म लागतो आणि त्याची फी शेकडो डॉलरमध्ये आहे. तसं असेल तर जी-884 मध्ये पहिला नंबर त्याचा लावा. मधल्या काळात नागरिकत्वाचा पुरावा म्हणून त्यांचा अमेरिकन पासपोर्ट चालतो.

फोटोंची काळजी करू नका. लग्नाच्या फोटोग्राफरकडे फाइल्स असतील, नसतील तर पाहुण्यांकडे असतात. काळजी करायची ती ज्यांची नोंद कुठेच नाही अशा कागदांची. आईचा शाळा सोडल्याचा दाखला माझ्यासाठी तसा होता. तिचा जन्म 1951 चा. जन्म नोंदणीचा 1969 चा कायदा लागू व्हायच्या आधीचा, त्यामुळे तिचा जन्मदाखला नव्हताच, आणि जन्मतारखेचा पुरावा म्हणजे हा एकच कागद. 'जन्मतारीख अक्षरी' या रकान्यात टाकाच्या निळ्या शाईने 'एक जून एकोणीसशे एक्कावन्न' लिहिलेलं. त्या पिढीतल्या कितीतरी मुलांना मास्तरांनी एक जूनच तारीख दिली. चार घड्यांच्या रेघा इतक्या झिजल्या होत्या की उजेडात धरला की आरपार दिसायचं.

भाऊ त्या शाळेत गेला. जिल्हा परिषदेची शाळा, इमारत नवी, पण जनरल रजिस्टर कपाटात जपून ठेवलेलं. मुख्याध्यापकबाईंनी धूळ झटकून पान काढलं, आईचं माहेरचं नाव, आजोबांचं नाव, सगळं तसंच. दाखला हरवल्याचं प्रतिज्ञापत्र घेऊन त्यांनी दुय्यम प्रत दिली, वर लाल शाईने 'दुय्यम' असं लिहून. सोबत नगरपालिकेकडून जन्माची नोंद उपलब्ध नसल्याचं प्रमाणपत्र आणि मामाचं प्रतिज्ञापत्र घेतलं. वकिलातीत आईने हे तिन्ही कागद दाखवले, आणि 'दुय्यम' शब्दावर कोणी काही विचारलं नाही. तुमच्या आई-वडिलांसाठी पुढे कधी पिटिशन भरायचं मनात असेल तर ही कामं त्यांचं वय आणि शाळेची रजिस्टरं दोन्ही धड आहेत तोवर करून ठेवा.

माझा जी-884 पाठवल्यावर अकराव्या महिन्यात टपालाने एक मोठं पाकीट आलं. तोवर आई इथे येऊन राहिली होती. दोन्ही दाखले होते, वरच्या कडेला फाइलला लावायची दोन भोकं पाडलेले. शाळेच्या दाखल्यावर एक भोक शाळेच्या नावातून गेलंय. आईने तो चष्मा लावून वाचला, घडी न घालता आपल्या साडीच्या बॉक्सच्या पुठ्ठ्यात सपाट ठेवला. सगळ्यांचे कागद परत येतात असं मी म्हणणार नाही. सूचनांतलं ते वाक्य खरं आहे आणि त्याची तयारी मनात ठेवा.

पुढे यूएससीआयएसने पत्र पाठवून एखादा मूळ कागद मागितलाच, तर तो पाठवा, घाबरू नका. त्यांनी मागितलेला मूळ कागद काम झाल्यावर ते परत करतात. पाठवताना दोन्ही बाजूंचा रंगीत स्कॅन काढा, ट्रॅकिंग असलेल्या सेवेने पाठवा, आणि त्यांचं मागणीचं पत्र वरच ठेवा. व्हिसा सेंटरच्या टप्प्यावर तर स्कॅनच अपलोड करायचे असतात. मूळ कागद तुमच्यापाशी राहतात आणि मुलाखतीला स्वतः घेऊन जायचे.

नगरपालिकेत जाताना आधार कार्ड, पासपोर्टची झेरॉक्स आणि आई-वडिलांपैकी कोणाला तरी सोबत न्या. नव्या दाखल्याच्या दोन प्रती मागा. आणि स्पेलिंगबद्दल शंका आली तर पासपोर्टच्या शेवटच्या पानावरचं आई-वडिलांचं नाव आणि दाखल्यावरचं नाव दोन्ही मला लिहून कळवा, मी बघून सांगते.