वाघळं आजारी पडत नाहीत म्हणतात, मग रोगाशी लढायला त्यांना ताकद लागतच नाही का?

तुमचा प्रश्न दोन भागांत आहे. वाघळांच्या अंगात एवढे व्हायरस असून ती धडधाकट कशी, आणि वाघळांकडून माणसाला होऊ शकणाऱ्या निपाह व्हायरसच्या भीतीनं गावातली पोरं नदीकाठच्या वडावरची वाघळं फटाके लावून हाकलायची म्हणतायत ते बरोबर का. मी पलूसकडचा, घरची द्राक्षबाग आहे, त्यामुळं वाघळांचा त्रासही माहितीय आणि त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचतोही.

ताकद लागते, आणि चांगलीच लागते. कुठल्याही सस्तन प्राण्याला ताप आला की दर एक डिग्रीला शरीराचा खर्च साधारण 10 ते 13 टक्के वाढतो, त्यात नवीन पेशी, अँटिबॉडी बनवायच्या आणि नेमकी तेव्हाच भूक मेलेली असते. मेक्सिकोत मासे पकडून खाणारी एक पाकोळी, म्हणजे लहान वाघूळ, आहे, तिला शास्त्रज्ञांनी जिवंत जंतू नाही तर बॅक्टेरियाच्या भिंतीचा नुसता अंश टोचला, तरी अंग तापलं, आराम करताना जळणारी ऊर्जा वाढली, वजन घटलं. पनामातल्या दुसऱ्या एका जातीला तेच टोचलं तर ताप आला नाही, पांढऱ्या पेशीही वाढल्या नाहीत, पण वजन मात्र उतरलं. म्हणजे बाहेरून काही दिसत नसलं तरी आत खर्च चालूच असतो! अमेरिकेत 2006 पासून एका बुरशीनं लाखो पाकोळ्या मेल्या, तिथंही तेच, लागण झालेल्या पाकोळ्या थंडीच्या झोपेतून सारख्या जाग्या होतात आणि हिवाळा निघायच्या आतच साठवलेली चरबी संपते.

वाघळांची सूज आणणारी यंत्रणा मुळातच मवाळ असते असं संशोधनात दिसलंय, म्हणून व्हायरस असून ती तगतात. मला वाटतं उडण्याशी याचा संबंध असणार, कारण उडताना त्यांचा खर्च बसल्या वेळेच्या कितीतरी पट होतो, तो भागवायचा तर बाकीकडं काटकसर आलीच. ठरलेल्या पगारात दवाखाना निघाला की घरात कशाला तरी कात्री लागते, तसंच आहे हे.

आता फटाक्यांचं. दुपारी त्या वडाखाली शांत उभं राहून बघा. वाघूळ उलटं लटकतं तेव्हा पायाची शीर आपोआप अडकते, पकडून ठेवायला ताकद जवळजवळ लागतच नाही, ऊन वाढलं की पंखानं वारा घेत बसतात, आणि मार्च-एप्रिलमध्ये बऱ्याच माद्यांच्या पोटाला पिल्लू चिकटलेलं असतं. मादीला वर्षाला पिल्लू एकच. अशात फटाका वाजला की सगळा थवा भर उन्हात उठतो, पिल्लासकट घिरट्या घालतो, म्हणजे जी ऊर्जा रोग दाबून ठेवायला हवी ती उडण्यात जाते. ऑस्ट्रेलियात वाघळांकडून घोड्यांना जाणाऱ्या हेंड्रा व्हायरसवर वर्षानुवर्षं काम झालं, 2022 मध्ये छापलं गेलं. जंगलात फुलोरा कमी पडून वाघळं उपाशी राहिली, वस्त्या फुटून माणसांच्या जवळ आल्या, त्याच काळात घोड्यांना लागण झाली. ज्या हिवाळ्यात फुलोरा भरपूर होता तेव्हा ती जंगलात परतली आणि लागण दिसली नाही. म्हणून मी ठामपणे सांगतो, हाकलू नका, हाकलल्यानं धोका वाढू शकतो.

भीती उगाच नाही हेही खरं. पुण्याच्या एनआयव्हीनं, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेनं, मार्च 2020 मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतल्या वाघळांचे नमुने घेतले, त्यांत निपाहच्या अँटिबॉडी सापडल्या. ती गुहेतली जात वेगळी, पण वडावरच्या मोठ्या जातीतही निपाह देशात इतरत्र सापडलाय. मग काळजी एवढी घ्या, उष्टी, चोचवल्यासारखी फळं पोरांनी खायची नाहीत, जनावरांपुढंही टाकायची नाहीत, खाली पडलेल्या वाघळाला उघड्या हातानं शिवायचं नाही, शिंदीच्या झाडाला मडकं लावलं असेल तर त्याचं तोंड झाकायचं. बागेला जाळी लावणार असाल तर ताणून बांधा आणि बारीक विणीची घ्या, ढिल्या नायलॉनमध्ये पंख गुंततात आणि सोडवायला गेलेल्याला चावा बसतो.

पोरांना एकदा दुर्बिणीतून त्या पिल्लावाल्या माद्या दाखवा. मी आमच्या वस्तीवरच्यांना दाखवल्या, तेव्हापासून तिथं कोणी दगड मारत नाही.